चौथी ड्रायव्हर

शनिवारी संध्याकाळी, गाड्यांच्या शर्यतीचा पहिला दिवस संपल्यावर, जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या असाव्यात. पिवळा रेनकोट, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली पँट, आणि दिवसभर भिजून पांढरी पडलेली, सुरकुतलेली बोटं. पाऊस तासाभरापूर्वी थांबला होता, पण पॅडॉकमधल्या, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या आवारातल्या, डांबरावर अजून पाणी होतं आणि त्यात पेट्रोलचे रंगीत तवंग फिरत होते. बाईंनी मागे वळून माझ्या सूटवर शिवलेल्या बिल्ल्याकडे बघितलं आणि विचारलं, "टॅक्सी ना? जेवणानंतर तू चालवत होतीस?" मी हो म्हटलं. "तुमचा उजवा ब्रेकलाइट मधूनच लागत नाही. रात्री बघून घ्या." मग कागदी प्लेट उचलता उचलता, सहज सुचलं म्हणून सांगावं तसं म्हणाल्या, "तू दर फेरीला माझ्याकडे बघायचीस. हेल्मेट वळलेलं कळतं आम्हाला. पावसात फार थोडे बघतात." एवढं बोलून त्या मक्याच्या कणसांकडे वळल्या.

मला त्या अजिबात आठवत नव्हत्या. म्हणजे ट्रॅकच्या त्या वळणावर झेंडे दाखवायला कुणीतरी उभं होतं हे माहीत होतं. हातात पिवळा झेंडा दिसला की जपायचं, नसला की जायचं, एवढीच माझ्या लेखी त्या व्यक्तीची ओळख. चेहरा सोडाच, बाई आहे की बुवा हेही बघितलं नव्हतं. आणि त्यांना मात्र माझं हेल्मेट कधी वळतं हे पाठ होतं. ते वाक्य पुढे कितीतरी दिवस माझ्या मागे लागलं. ऑफिसच्या ट्रेनमध्ये, कांदा चिरताना, मीटिंगमध्ये दुसरं कुणी बोलत असताना मध्येच वर यायचं. कौतुक होतं का ते? असेल. पण मी बघत होते ती शिस्त म्हणून नव्हे. मला भीती वाटत होती, आणि पाण्याच्या त्या पांढऱ्या फवाऱ्यात ती पिवळी आकृती एवढीच एक जागची न हलणारी गोष्ट होती.

शर्यतीचं नाव '२४ अवर्स ऑफ लेमन्स'. फ्रान्समधल्या 'ल माँ'च्या नामांकित चोवीस तासांच्या शर्यतीची आठवण यावी असंच ते ठेवलंय, बाकी साम्य शोधायला जाऊ नये. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात कुणाच्या तरी डोक्यातून निघालेला हा उद्योग आता अमेरिकाभर चालतो. गाडी ५०० डॉलरच्या आतली हवी हा मूळ नियम. गाडी उलटली तरी ड्रायव्हर चिरडू नये म्हणून आत बसवायचा लोखंडी पिंजरा, सीट, पट्टे, आग विझवायची यंत्रणा हा जीव वाचवायचा खर्च त्यात धरत नाहीत. त्यामुळे भंगारात जायला निघालेल्या गाडीत गाडीच्या कितीतरी पट किमतीचं लोखंड बसवलेलं असतं. शर्यतीचा परवाना लागत नाही, रोजचं ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं. नावात चोवीस तास असले तरी बहुतेक वेळा शनिवार-रविवार दिवसाउजेडी चालते. गाडी एक, ड्रायव्हर चार. ज्याच्या फेऱ्या जास्त तो पुढे. आणि गाडी तपासणाऱ्या पंचांना उघड उघड लाच द्यायची रीत आहे. मी बेसनाचे लाडू नेले होते. न्यायाधीशाचं सोंग म्हणून विग घातलेल्या एका पंचाने विगखालून कपाळ पुसत दोन खाल्ले, तिसरा खिशात टाकला आणि "या गाडीची किंमत ५०० म्हणताय, मला तर ३०० सुद्धा जास्त वाटतेय" असं म्हणून आम्हाला पुढे सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा दिलेली लाच इतकी लागू पडावी याचं मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

मी या टोळीत शिरले ती चौथा माणूस हवा होता म्हणून. कॅप्टन आमच्या ऑफिसातला, बोटांच्या पेरांत कायम ग्रीस अडकलेलं. दुसरा त्याचा मेव्हणा. तिसरा नागपूरचा एक पोरगा, शिक्षणाने मेकॅनिकल, पोटासाठी सॉफ्टवेअर. त्यानेच जेवणाच्या टेबलावर माझं नाव काढलं. "ताई कोकणातल्या आहेत, घाटात गाडी शिकल्या. झालं ना मग." नवऱ्याला सांगितलं तर त्याने आधी विम्याचं विचारलं, मग बराच वेळ काही नाही, मग परत विम्याचं. गाडी होती नव्वदच्या दशकातली एक जपानी हॅचबॅक, मागच्या दाराला गंजाची नक्षी. या शर्यतीत गाडीला काहीतरी सोंग द्यावं लागतं, तेव्हा मी म्हटलं मुंबईची टॅक्सी करू. काळी बॉडी, पिवळं टप, डाव्या बाजूला पत्र्याच्या डब्याचा मीटर. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आमची तिच्यानंतर न्यू जर्सीत अवतरली. मीटरचा झेंडा पाडायचा का वर ठेवायचा यावर नागपूरकराशी माझा चांगला अर्धा तास वाद झाला. कॅप्टनला वाटलं इंजिनाबद्दल काहीतरी गंभीर चाललंय.

ट्रॅक मिलव्हिलला, एडिसनहून दोनेक तास दक्षिणेला. न्यू जर्सी म्हणजे महामार्ग आणि मॉल एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांनी एकदा तिकडे जावं. पाइनची झाडं आणि पायाखाली पांढरी रेती. त्या रेतीवर एके काळी तिथले काचेचे कारखाने पोसले गेले. शेजारीच विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धात पी-४७ थंडरबोल्ट विमानांचे वैमानिक तिथे तयार झाले, म्हणून २००८ मध्ये झालेल्या या ट्रॅकला थंडरबोल्ट असं नाव. सव्वादोन मैलांचा, म्हणजे साधारण ३.६ किलोमीटरचा. शुक्रवारी तिथे कडक ऊन होतं आणि मी कोरड्या डांबरावर थोड्या फेऱ्या मारून "जमेल" या निष्कर्षाला आले होते. शनिवारी सकाळी तंबूच्या कापडावर थेंबांचा आवाज आला तेव्हा मी जागीच होते.

"तुला तर हे घरचंच," कॅप्टन म्हणाला. "मान्सूनवाली तू. दुपारचा जोरातला पाऊस तूच घे."

मला राग आला आणि छातीही फुगली, दोन्ही एकदमच. परदेशात राहून माणूस अशा दोन भावना एका चमच्यात घ्यायला शिकतो. खरं सांगायचं तर चिपळूणच्या पावसाशी माझा संबंध खिडकीतून बघण्याचा, नाहीतर छत्री उलटण्याचा. पण नाही म्हणायची सोय नव्हती. नागपूरकर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ. आमच्याकडे तर पाऊस आला की लोक गाडी थांबवून भजे खातेत." त्याचा मला काडीचाही उपयोग झाला नाही, पण हसू आलं.

पावसातल्या शर्यतीची खरी लढाई काचेशी असते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. हीटर, त्याच्या नळ्या, आतलं अस्तर, सगळं वजन कमी करायला काढून टाकलेलं. आत एक घामेजलेला माणूस, बाहेर गार पाऊस. पाच मिनिटांत काच आतून दुधाळ. कॅप्टनने भांडी घासायचं साबण एका फडक्यावर घेऊन काचेला आतून चोळलं आणि कोरड्या फडक्याने पुसून काढलं, त्याने बाष्प धरत नाही. बाहेरून पाणी न ठरणारं औषध. वायपर एकच ठेवला होता, ड्रायव्हरपुढचा. मी सांगितलं, आमच्याकडे वायपर बंद पडला की काचेला तंबाखू चोळतात, पाण्याचे थेंब न राहता एकसंध पडदा होऊन खाली जातो. मेव्हण्याला वाटलं मी त्याची फिरकी घेतेय. नंतर त्याने फोनवर शोधलं, आणि मग दिवसभर जो भेटेल त्याला तो हे स्वतःचं ज्ञान म्हणून सांगत होता.

टायरमधली हवा हा दुसरा विषय. नासाच्या लँग्ली केंद्रात १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर काम झालं, त्यातून एक सूत्र आलं. साचलेल्या पाण्यावर चाक कुठल्या वेगाला तरंगायला लागेल ते टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतं: पौंडातल्या दाबाचं वर्गमूळ, गुणिले नऊ, उत्तर नॉटमध्ये. नागपूरकराने ते टिश्यूपेपरवर मांडून दाखवलं. नॉटचे किलोमीटर केले तर ३२ पौंडाला ताशी ९४ किलोमीटर. ३६ पौंड केले तर १००. म्हणजे पेट्रोलपंपावर 'हवा किती भरू' विचारणारा पोरगा आपल्याला नकळत केवढा प्रश्न विचारत असतो! हे गणित गुळगुळीत टायरचं आणि भरपूर पाण्याचं. टायरला नक्षी असेल, पाणी थोडं असेल तर निभावतं. पण आमच्या टायरांची नक्षी आधीच निम्मी झिजलेली, आणि सरळपट्ट्याच्या शेवटी कोरड्यात आमची टॅक्सी १४० च्या पुढे जायची. आम्ही ३६ भरली. विमानतळाच्या कुंपणापाशी बसून विमानाच्या चाकाचं गणित आमच्या डब्याला लावताना मला गंमत वाटत होती. गाडीत बसेपर्यंतच.

पट्टे आवळले की छातीवर कुणीतरी गुडघा ठेवल्यासारखं होतं. खिडकीची जाळी लावली, कॅप्टनने टपावर दोन थापा मारल्या आणि मी निघाले. पहिली जाणीव आवाजाची. उघड्या पत्र्यावर खालून पाणी आपटतं त्याचा आवाज इतका असतो की इंजिन ऐकू येत नाही, आणि इंजिन ऐकू आलं नाही की गिअर कधी टाकायचा हे मला कळत नव्हतं. दुसरी जाणीव वासाची: ओल्या अग्निरोधक कापडाचा, गरम ब्रेकचा, आणि कुठूनतरी येणारा साबणाचा लिंबू. पाय भाजत होते, कारण सायलेन्सर तळव्याखालीच. खांदे गारठत होते, कारण दाराच्या फटीतून येणारी धार नेमकी डाव्या खांद्यावर. पुढे गाडी असली की ती दिसायचीच नाही. पांढरा फवारा दिसायचा आणि त्यात दोन लाल ठिपके. ते ठिपके मोठे झाले की समजायचं तो ब्रेक मारतोय. तेवढीच बातमी, आणि तीही उशिरा. 'ऑक्टोपस' नावाचा वळणांचा गुंता आहे तिथे, त्यात पहिल्याच फेरीला मी स्टिअरिंग वळवलं आणि गाडी सरळच गेली. फार नाही, हातभर. तेवढ्या हातभरात पोटात जे होतं त्याला शब्द नाही.

सगळे जिथून जात होते तिथूनच मीही जात होते, आणि तिथेच पकड नव्हती. कोरड्यात तीच वाट सगळ्यात चांगली. दिवसभर टायरांचं रबर घासून घासून तिथे बसतं, ती काळी होते, चिकट होते. पाऊस पडला की तेच रबर आणि खाली मुरलेलं तेल वर येतं आणि ती वाट निसटायला लागते. हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं त्या घडीला आठवत नाही. आठवलं ते भलतंच: मामाचा आवाज.

मामा एसटीत ड्रायव्हर. चिपळूण डेपो, कऱ्हाडची गाडी, म्हणजे रोजचा कुंभार्ली घाट. मे महिन्याची सुट्टी संपून आम्ही जूनमध्ये परत जायचो तेव्हा शक्य असेल तर त्याच्याच गाडीने. भाची म्हणून मला इंजिनाच्या झाकणावर बसायला मिळायचं. त्यावर काळं रेक्झिन, उसवलेल्या शिवणीतून काथ्या बाहेर आलेला. पोफळी सोडली की घाट लागायचा आणि बहुतेक वेळा तिथेच पाऊस गाठायचा. मांडीखाली ऊन ऊन झाकण, अंगावर फटीतून तुषार, मागे ओल्या छत्र्यांचा आणि उलटी होऊ नये म्हणून कुणीतरी धरलेल्या लिंबाचा वास. मामा चपला काढून सीटखाली सरकवायचा, ओल्या चपलेने पेडलवरून पाय घसरतो म्हणून. बोलायचा फार कमी. पण मी विचारलं की उत्तर द्यायचा, रस्त्यावरची नजर न काढता. "काय तो ब्रेक सरळ रस्त्याला मारून घ्यायचा. वळणात फक्त बघायचं." आणि दुसरं, "चकचकीत दिसलं तिथं चाक नको गो बाय." घाटातल्या वळणांवर वर्षानुवर्षं ट्रकांची चाकं फिरून डांबर गुळगुळीत झालेलं असतं, ओलं झालं की चमकतं. मामा गाडी हातभर बाहेरून, खडीच्या बाजूने काढायचा. बाजूला बसलेल्या मला तेव्हा वाटायचं हा दरीच्या इतक्या जवळून का नेतोय.

मी टॅक्सी हातभर बाहेर काढली.

बाहेरची बाजू कुणी न वापरलेली, खरखरीत. स्टिअरिंग लगेच जड झालं. स्टिअरिंग जड होणं म्हणजे पुढच्या चाकांनी रस्ता धरणं. आयुष्यात कुठल्याही जडपणाचा मला इतका आनंद झाला नव्हता. वळण लांबून पडत होतं, अंतर वाढत होतं, पण गाडी सांगितलं तिथे जात होती. मग हळूहळू ट्रॅक नव्याने दिसायला लागला. कुठे पाणी आडवं वाहतंय, कुठे साचलंय, कुठे डांबर काळं आणि कुठे करडं. रंगवलेल्या कडेला चाक लावायचं नाही, रंग ओला झाला की त्याच्यावर काहीही ठरत नाही. हातपाय सावकाश, सगळं सावकाश. काठोकाठ दूध भरलेलं पातेलं चुलीवरून उतरवताना आई जशी श्वाससुद्धा बेताने घ्यायची, तसं. आणि एका वळणावर, काय होतंय हे कळायच्या आत, मी बाहेरच्या बाजूने एका जर्मन गाडीला मागे टाकलं. त्या गाडीत माझ्या दुप्पट ताकद असेल. पण ओल्या रस्त्यावर ताकदीचं करायचं काय? तिची मागची चाकं जागच्या जागी फिरत होती आणि माझी बिचारी अशक्त टॅक्सी निमूट चालत होती. हेल्मेटच्या आत मी जे ओरडले ते मराठीत होतं आणि छापण्यासारखं नव्हतं.

ती उकळी पुढच्या फेरीपर्यंतही टिकली नाही. मागे आरशात बघावं तर फवारा, पुढे फवारा, आणि मला एकदम आठवलं की ही गाडी माझी नाही. हिच्यात चार जणांचे पैसे आहेत. कॅप्टनने गॅरेजमध्ये थंडीचे सगळे शनिवार घातलेत. नागपूरकर घरी मुलगी तापाने फणफणलेली असताना रात्री वेल्डिंगला आला होता. माझ्यानंतर तो बसणार आहे. मरायची भीती मला त्या वेळात फारशी वाटली नाही. पिंजरा भक्कम होता, वेग कमी होता, आणि तसले विचार करायला सवड कुठे होती. भीती होती ती 'हिने गाडी घालवली' या वाक्याची. ती म्हणजे आपली जुनी मध्यमवर्गीय भीड. दुसऱ्याची सायकल मागून आणली की ती पुसून परत द्यायची, दुसऱ्याच्या डब्यातून काही आलं की डबा रिकामा पाठवायचा नाही, त्या जातीची. शर्यतीत ती उपयोगी पडेल असं कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. प्रत्येक वळणावर पिवळी आकृती शोधणारी माझी मान तिच्यामुळेच फिरत होती.

आदल्या रात्री कॅप्टनने पेद्रो रॉड्रिगेझची गोष्ट सांगितली होती. पावसातल्या शर्यतीच्या आदल्या रात्री ती सांगितली जातेच म्हणे. एप्रिल १९७०, इंग्लंडमधला ब्रँड्स हॅच, १००० किलोमीटरची शर्यत, मुसळधार पाऊस. पोर्शे ९१७, म्हणजे कोरड्यातसुद्धा भले भले जिला बिचकायचे ती गाडी. सुरुवातीलाच पिवळ्या झेंड्याखाली ओव्हरटेक केलं म्हणून पेद्रोला काळा झेंडा दाखवून आत बोलावलं. शर्यतीच्या प्रमुखाने गाडीच्या दारातून त्याची यथेच्छ कानउघाडणी केली. त्याने ऐकून घेतली, आणि परत बाहेर जाऊन सगळ्यांना असं धुतलं की शेवटी त्यांची गाडी पाच फेऱ्यांनी पुढे. सांगताना कॅप्टनचे डोळे चमकत होते. मी विचारलं, दुसरा ड्रायव्हर कोण होता? त्याला जरा आठवावं लागलं. लिओ किनुनन, फिनलंडचा. त्याच्या वाट्याला फार थोडं आलं, बाकी पाऊस पेद्रोनेच ओढला. पण जेवढा वेळ किनुनन बसला तेवढा वेळ गाडी रस्त्यावर राहिली, नाहीतर गोष्टच झाली नसती. कॅप्टन म्हणाला, तो मुद्दा नाहीये. मला तोच मुद्दा वाटत होता, पण रात्रीचे अकरा वाजले होते आणि कॅप्टन रंगात होता.

रेडिओवर 'आत ये' ऐकू आलं तेव्हा हातांची बोटं उघडेनात. पिटमध्ये, म्हणजे ड्रायव्हर बदलायच्या जागी, गाडी थांबवली, पट्टे सोडले, आणि माझ्या पाठीमागची उशी (माझे पाय पेडलला पोचावेत म्हणून लावलेली) उपसून घेत नागपूरकर आत शिरला. सीट चिंब. "ताई, काय करून ठेवलं हे," म्हणत तो बसला. मी त्याचे खांद्यावरचे पट्टे ओढत त्याच्या हेल्मेटला तोंड लावून ओरडत होते: सरळपट्ट्याच्या शेवटी उजवीकडे पाणी आडवं जातंय, तिथे ब्रेकवर पाय ठेवू नको, आधीच सोड. ऑक्टोपसमध्ये बाहेरून जा, काळ्या डांबरावरून नको. हिरव्या व्हॅनपासून लांब राहा, तो आरशात बघत नाही. तिसऱ्या गिअरमध्येच ठेव, दुसरा टाकलास तर चाकं फिरतील. तो मान हलवत होता, डोळे माझ्याकडे नाहीत, समोर. जेमतेम दोन-तीन मिनिटं. सबंध दिवसात मला सगळ्यात जास्त आवडलेला वेळ हाच, जर्मन गाडी मागे टाकली त्याहूनही. जे मला एवढा वेळ घालवून, घाबरून, पावलापावलाने कळलं होतं ते सगळं मी त्याच्या कानात ओतलं आणि तो ते घेऊन निघून गेला. त्याच्या पहिल्याच फेरीची वेळ माझ्या शेवटच्या फेरीपेक्षा कमी आली. अभिमान वाटला. आणि खोटं कशाला बोलू, थोडं जळलेही.

रविवारी पाऊस भुरभुरता होता, आणि कॅप्टनने गाडी फिरवली. फार नाही, एक गिरकी, मागची चाकं वाळूत. काळा झेंडा, पंचांसमोर हजेरी, विगवाल्याचं प्रवचन. परत आला तेव्हा त्याचा चेहरा लाल होता आणि तो खुशीत होता. "आता मला ठाऊक झालं कुठे सुटते ती," म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिले. गाडी कुठे सुटते हे मला माहीत नाही. मी त्या रेघेच्या आसपासही गेले नव्हते, चांगलं अंतर राखून होते. माझा स्टिंट, म्हणजे चालवायची माझी पाळी, स्वच्छ झाला, एकही झेंडा माझ्या नावावर नाही, सगळ्यांनी पाठ थोपटली. पण कॅप्टनला जे कळलं ते मला कळलेलं नाही, आणि ते न कळताच ट्रॅकवर चांगली म्हणवून घेताना कुठेतरी खटकत होतं. किती भाग शहाणपण आणि किती भाग भीड, हे पावसातून बाहेर आल्यावर वेगळं काढता येत नाही. त्या रेनकोटवाल्या बाईंचं वाक्य मला टोचत होतं ते इथे.

आणि दुसरीही एक जागा होती. मामाने तीसच्या वर वर्षं तो घाट चढला-उतरला, एक अपघात नाही. कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी लागली की माणसं पिशव्या सावरत, चिखल चुकवत उतरायची. कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडायची. ड्रायव्हरकडे कोण बघतं? हातभर बाहेरून काढलेली वळणं कुणी पाठ केली नव्हती. मला दीड-दोन तासांच्या कामाची पावती एका अनोळखी बाईने रांगेत उभ्या उभ्या दिली. त्या स्वतः दिवसभर भिजत उभ्या होत्या, हौस म्हणून. शेवटच्या फेरीला सगळे ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून अशा झेंडेवाल्यांना हात हलवतात, ही तिथली रीत. रविवारी त्या वळणावर नागपूरकराने टॅक्सीतून हात हलवला. शेवटचा स्टिंट त्याचा होता. मी पिटच्या भिंतीवर होते, तिथून ते वळण दिसत नाही.

सोमवारी रात्री मामाला फोन केला, म्हणजे त्याची मंगळवारची सकाळ. तो आता ऐंशीला टेकलाय, ऐकू कमी येतं, पण गाडीचा विषय निघाला की कान बरे होतात. मी सगळं सांगितलं. पाऊस, काच, बाहेरून काढलेली वळणं. 'तू सांगायचास तसंच केलं' हेही म्हटलं. त्यावर तो काही बोलला नाही, नुसतं "हां" केलं. मग म्हणाला, "टायर रिमोल्ड होते काय?" नाही म्हटलं. "नवीन?" नाही, निम्मे झिजलेले. "हवा?" छत्तीस. "बरोबर. पावसात थोडी जास्तच बरी. आणि वायपर?" एकच, ड्रायव्हरपुढचा. "तेवढा पुरे. आम्हाला तर तोही कधी मिळायचा, कधी नाही." थोडा वेळ शांतता. मामीने मागून काहीतरी विचारलं, त्याने 'न्यूजर्सीहून, न्यूजर्सीहून' असं दोनदा सांगितलं.

"मग पोचलात कुठं?"

कुठे नाही मामा, गोल गोल. जिथून निघालो तिथेच.

"दोन दिवस?"

हो.

"प्याशिंजर?"

नाहीत.

"आणि डिझेल कोणाचं?"

पेट्रोल, मामा. आमचंच, चौघांनी काढलेलं. मी आकडा सांगितला, डॉलरचे रुपये करून. पलीकडे तो मामीला तो आकडा परत सांगताना ऐकू आला, मग दोघंही हसले, चांगले खदखदून. "बाय," मामा म्हणाला, "पुढच्या वेळी मीटर खाली पाड तरी."